इंग्रजीच्या अटीविरुद्ध कोर्टात जावे का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ५८ वर्षांची असून लंडनजवळ राहते. मी ब्रिटिश नागरिक आहे. पहिले यजमान वारल्यानंतर काही वर्षांनी, मुलांच्या संमतीने, कऱ्हाडच्या एका विधुर गृहस्थांशी मी विवाह केला. ते ६१ वर्षांचे आहेत, एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आहेत, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आहेत आणि त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते. इंग्रजीची परीक्षा त्यांना झेपणार नाही असे वाटल्याने आम्ही तिकडच्या एका एजंटच्या सल्ल्याने परीक्षेविनाच अर्ज केला आणि ‘यांना या वयात इंग्रजी शिकणे शक्य नाही’ असा सरपंचांचा दाखला जोडला. व्हिसा नाकारला गेला. आता एजंट म्हणतो की ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ही अट चुकीची ठरवली आहे, तेव्हा ज्युडिशियल रिव्ह्यू करा, नक्की जिंकाल. त्यासाठी मोठी रक्कम लागणार आहे. एका नातेवाइकांनी मुंबई उच्च न्यायालयात रिट करावी असे सुचवले आहे, तर दुसऱ्यांनी परीक्षेचे सर्टिफिकेट ‘करून देणारा’ माणूस सांगितला आहे. काय करावे?

प्रिय ताई,

सर्वांत आधी व्हिसा नाकारल्याचे पत्र हाती घ्या आणि ते तुमच्या यजमानांना कोणत्या तारखेला मिळाले हे पाहा, कारण पत्रात तुम्ही ती तारीख लिहिलेली नाही आणि बाकी सारे तिच्यावर अवलंबून आहे. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराचा व्हिसा नाकारला गेला तर मानवी हक्कांच्या मुद्द्यावर फर्स्ट-टिअर ट्रिब्युनल या ब्रिटिश न्यायाधिकरणाच्या इमिग्रेशन विभागाकडे अपील करता येते आणि अर्जदार ब्रिटनबाहेर असेल तर त्यासाठी निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांची मुदत असते. नकारपत्राच्या शेवटी अपिलाच्या हक्काविषयी मजकूर असतो. घाबरलेली माणसे पहिला परिच्छेद वाचून पत्र घडी घालून ठेवतात आणि नेमका तोच भाग वाचायचा राहून जातो. मुदत टळली असेल तर उशिराचे कारण सांगून परवानगी मागता येते, पण एजंटने सांगितले नाही हे कारण फारसे टिकत नाही.

तुमच्या एजंटने अपिलाचा शब्दही काढलेला दिसत नाही आणि थेट ज्युडिशियल रिव्ह्यूची भाषा केली आहे, यावरूनच त्याचे ज्ञान बेताचे असावे असे मला वाटते. ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे न्यायालयीन पुनर्विलोकन, हा ब्रिटिश कायद्यात शेवटचा उपाय मानला जातो. जेथे अपिलाची पुरेशी सोय आहे तेथे ती वापरा, असे सांगून न्यायालय सहसा पहिल्याच पायरीवर, म्हणजे परवानगीच्या टप्प्यावर, अर्ज थांबवते. शिवाय पुनर्विलोकनात न्यायालय तुमच्या यजमानांना व्हिसा द्यावा की नाही हे ठरवीत नाही. अधिकाऱ्याने कायद्याच्या चौकटीत राहून, सारासार विचाराने आणि योग्य पद्धतीने निर्णय घेतला का, एवढेच ते पाहते, आणि १९९८ च्या मानवी हक्क कायद्यामुळे कुटुंबजीवनात केलेला हस्तक्षेप प्रमाणाबाहेर तर नाही ना, हेही तपासते. जिंकलात तरी बहुधा निर्णय रद्द होऊन प्रकरण पुन्हा त्याच होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याच्या, टेबलावर जाते, आणि अधिकारी अधिक नीटनेटकी कारणे लिहून पुन्हा नकार देऊ शकतो. हरलात तर तुमच्या सॉलिसिटरच्या फीबरोबर सरकारी पक्षाचा खर्चही तुमच्या अंगावर येऊ शकतो. अपिलात मात्र न्यायाधीश स्वतः पुरावा पाहतात, तुमची साक्ष ऐकतात आणि नकारामुळे तुमच्या कुटुंबजीवनाचा हक्क मोडला जातो का हे स्वतः ठरवतात. तुमच्यासारख्यांना उपयोग याचा आहे.

मुंबई उच्च न्यायालयाबद्दल फार लिहीत नाही. आपल्या संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली तेथे रिट करता येते हे खरे, परंतु ब्रिटनमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हा ब्रिटिश सरकारचा निर्णय आहे आणि भारतातील कोणतेही न्यायालय तो बदलू शकत नाही.

आता एजंट ज्या निकालाचे नाव घेत आहे त्याकडे येतो, कारण अर्धवट ऐकलेला निकाल तुम्हाला महागात पडेल. जोडीदाराने ब्रिटनमध्ये येण्याआधीच इंग्रजी परीक्षा उत्तीर्ण व्हावे ही अट २९ नोव्हेंबर २०१० पासून लागू झाली. त्याआधी भाषेचे ज्ञान दाखवायचे ते आल्यानंतर, कायम वास्तव्य मागताना. नव्या अटीविरुद्ध काही जोडपी न्यायालयात गेली, उच्च न्यायालयात २०११ मध्ये हरली, अपील न्यायालयात २०१३ मध्ये एका न्यायाधीशांचे मत विरुद्ध असतानाही बहुमताने हरली, आणि त्यांतील दोन प्रकरणे सुप्रीम कोर्टात पोहोचली. त्याच ‘बीबी आणि अली’ प्रकरणाचा निकाल १८ नोव्हेंबर २०१५ रोजी लागला. त्यात अर्ज करणाऱ्या दोघी ब्रिटिश नागरिक होत्या. एकीचे यजमान पाकिस्तानात होते आणि दुसरीचे येमेनमध्ये. येमेनमधल्या गृहस्थांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते आणि हव्या त्या पातळीची मान्यताप्राप्त परीक्षा त्यांच्या देशात होतच नव्हती.

मुख्य निकालपत्र लेडी हेल यांचे आहे. नवरा-बायकोने एकत्र राहण्याच्या हक्कात ही अट हस्तक्षेप करते हे त्यांनी मान्य केले. पण नवागताने समाजात मिसळावे, बोलता येत नसल्यामुळे घरात कोंडले जाऊ नये, सरकारी सेवांवर दुभाष्याचा भार पडू नये, ही सरकारची उद्दिष्टे वैध आहेत हेही त्यांनी मान्य केले. बहुसंख्य अर्जदारांना परीक्षा देणे शक्य असल्याने अटच बेकायदेशीर ठरवण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे अर्ज करणाऱ्या दोघी या मुद्द्यावर हरल्या. एजंटने बहुधा ऐकले ते पुढचे. अट ज्या मार्गदर्शक सूचनांनुसार राबवली जात होती, त्यांतून सुटकेची वाट इतकी अरुंद ठेवलेली होती की ज्यांना जवळपास शिकवणी मिळणे, केंद्रापर्यंत पोहोचणे किंवा खर्च पेलणे व्यवहारात अशक्य आहे अशा बऱ्याच लोकांच्या बाबतीत युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या अनुच्छेदाचा, म्हणजे कुटुंबजीवनाच्या हक्काचा, भंग होण्याची शक्यता न्यायालयाला दिसली, आणि सूचना सैल करून अशांना सूट द्यावी असा न्यायालयाचा रोख होता. तेव्हा ‘सुप्रीम कोर्टाने अट चुकीची ठरवली’ हे विधान खोटे आहे आणि ‘अटीविरुद्ध काहीच करता येत नाही’ हेही खोटे आहे.

मला स्वतःला हा निकाल अर्धा समाधानकारक वाटतो. नियम शाबूत ठेवून त्याच्या अंमलाला दोष दिला की सरकारला सूचनांतले चार शब्द बदलून मोकळे होता येते, आणि आपली परिस्थिती अपवादात्मक आहे हे सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा त्याच माणसावर येते, ज्याच्याकडे ते सिद्ध करण्याची साधने सर्वांत कमी असतात. २०११ च्या ‘क्विला’ प्रकरणात याच न्यायालयाने अधिक धीट पाऊल उचलले होते. सक्तीचे विवाह रोखण्यासाठी जोडीदार व्हिसाचे किमान वय २१ केले होते, ते त्या जोडप्यांच्या बाबतीत प्रमाणाबाहेर ठरले आणि सरकारला वय पुन्हा १८ वर आणावे लागले. पण २०१७ मध्ये किमान उत्पन्नाच्या अटीवर आलेला ‘एमएम’ निकाल पुन्हा ‘बीबी’च्याच धाटणीचा होता. अट कायम राहिली, सूचनांतले दोष दाखवले गेले. न्यायालयाचा कल कुठे आहे हे यावरून दिसते, आणि तुम्ही पैसे लावण्याआधी तो तुम्हाला माहीत असला पाहिजे.

या मापाने तुमच्या यजमानांचे प्रकरण मोजून पाहू. कऱ्हाड हे येमेनमधले दूरचे खेडे नव्हे. ते पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, पुण्याला दिवसभर गाड्या आहेत आणि निवृत्त एसटी कर्मचाऱ्याला पुण्यापर्यंतचा प्रवास अशक्य आहे असे कोणतेही न्यायाधीश मानणार नाहीत. दहावीपर्यंत शिक्षण झालेले आहे, म्हणजे पाचवीपासून का होईना, इंग्रजी हा विषय त्यांना होता. सरपंचांचा दाखला मी वाचलेला नाही, पण तुम्ही दिलेल्या एका वाक्यावरून सांगतो की त्याचे वजन शून्य आहे. सरपंच रहिवासाबद्दल सांगू शकतात. एखाद्याला भाषा शिकता येईल की नाही हे सांगण्याचा त्यांना अधिकारही नाही आणि ज्ञानही नाही. अधिकारी पाहतात ते प्रयत्न. कोणत्या वर्गाला गेलात, किती महिने गेलात, परीक्षेला बसलात का, नापास झालात तर कशात झालात, शिक्षकांचे म्हणणे काय, फीच्या पावत्या कुठे आहेत, हे ते विचारतात. एकदाही परीक्षेला न बसलेल्या माणसाने ‘मला जमणार नाही’ म्हटले तर ते अपवादात्मक परिस्थितीत बसत नाही, आणि या मुद्द्यावर तुम्हाला आलेला नकार, कटू वाटेल पण, अपेक्षितच होता.

ऐकू कमी येण्याचा मुद्दा वेगळा आहे. तो अर्जात नीट मांडलाच गेला नसावा असे तुमच्या पत्रावरून दिसते. नियमांत तीन सवलती आहेत: अर्जाच्या दिवशी वय ६५ किंवा अधिक असणे, परीक्षा देणे अशक्य करणारी शारीरिक वा मानसिक व्याधी असणे, आणि अपवादात्मक परिस्थिती. यजमान ६१ वर्षांचे आहेत, म्हणजे पहिली सवलत अजून दूर आहे. दुसरीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दोन्ही कानांची श्रवणचाचणी करून घ्या. डॉक्टरांच्या पत्रात ‘कमी ऐकू येते’ एवढेच नको. किती डेसिबलपर्यंतचे ऐकू येत नाही, श्रवणयंत्राने किती फरक पडतो, शांत खोलीत समोरासमोर केलेले संभाषण त्यांना समजते का, आणि ही अवस्था सुधारण्यासारखी आहे का, हे सारे पत्रात आले पाहिजे. डावा कान चांगला असेल तर संपूर्ण सूट मिळण्याची आशा मी धरणार नाही. तरी तो अहवाल वाया जात नाही, कारण परीक्षा घेणाऱ्या संस्था आधी कळवल्यास आणि वैद्यकीय पुरावा दिल्यास अशा उमेदवारांसाठी खास व्यवस्था करतात.

म्हणून माझा सल्ला असा की यजमानांनी परीक्षा द्यावी. तुम्ही दोघांनी तिचा जेवढा धसका घेतला आहे तेवढी ती अवघड नाही. जोडीदार म्हणून प्रथम येताना फक्त ए१ ही सर्वांत खालची पातळी लागते, तीही केवळ बोलणे आणि ऐकणे यांची; वाचन नाही, लेखन नाही, व्याकरणाचा पेपर नाही. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए१ ही परीक्षा निवडा. तिच्यात दोन उमेदवार एका परीक्षकासमोर बसतात आणि सगळे १६ ते १८ मिनिटांत आटोपते. स्वतःचे नाव-गाव, कुटुंब, जेवणखाण, प्रवास, खरेदी, हवामान असे विषय असतात, थोडे ध्वनिमुद्रण ऐकून साधी उत्तरे द्यायची असतात आणि शेजारच्या उमेदवाराशी दोन-चार वाक्ये बोलायची असतात. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच. काही मान्यताप्राप्त परीक्षा संगणकापुढे हेडफोन लावून देतात. ऐकण्याचा त्रास असताना त्या वाटेला जाऊ नका, समोर माणूस असलेलीच परीक्षा निवडा.

ज्या माणसाने आयुष्यभर आगारात क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक लायनर, ऑइल सील हे शब्द दिवसातून शंभरदा उच्चारले आहेत, त्याला इंग्रजीचा उच्चार परका नाही. त्याला वाक्य जोडायची सवय नाही एवढेच. ‘आय वर्क्ड इन द बस डेपो. आय रिपेअर्ड बसेस. नाऊ आय ॲम रिटायर्ड.’ ही तीन वाक्ये सहज आली की कामाविषयीचा प्रश्न सुटला. हीच पद्धत घर, बाजार आणि प्रवास या विषयांना लावा. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्ही परीक्षक व्हा आणि अर्धा तास मराठीत एक शब्दही बोलू नका. नवरा-बायकोत हे सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल, पण नेट लावल्यास तीन-चार महिन्यांत एवढी तयारी होऊ शकते. त्याबरोबर कऱ्हाडात किंवा साताऱ्यात एखादा वर्ग लावा, हजेरीची नोंद आणि पावत्या जपून ठेवा. उत्तीर्ण झाले तर प्रश्नच मिटला; दोन-तीनदा मनापासून प्रयत्न करूनही झाले नाहीत, तर आज तुमच्याकडे नसलेला पुरावा तेव्हा तुमच्याकडे असेल आणि ‘बीबी’ निकालाचा आधार तुम्हाला खऱ्या अर्थाने घेता येईल.

नाव नोंदवताना परीक्षा ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्य असलेल्या यादीतली आणि केंद्रही त्याच यादीतले असल्याची खात्री करा. महाविद्यालयीन प्रवेशासाठी दिली जाणारी साधी आयईएलटीएस येथे चालत नाही, आणि या गोंधळात अनेकांची फी बुडते. प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. पुढच्या अर्जाची फी १,९०० पौंडांहून अधिक आहे, नकार आल्यास ती परत मिळत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नवा अर्ज करू नका. तोवर टुरिस्ट व्हिसावर बोलावून येथेच पुढचे पाहू, असेही कोणी सुचवील. त्या व्हिसावर आलेल्या माणसाला देशात राहून जोडीदार व्हिसावर बदलता येत नाही.

अपिलाची मुदत शिल्लक असेल तर अपील दाखल करून ठेवणे आणि त्याच काळात परीक्षा देणे हे दोन्ही करा. अपील यजमानांच्या नावाने होईल, तुम्ही साक्षीदार असाल. आजच्या कायद्यानुसार निर्णयानंतर घडलेल्या गोष्टींचा पुरावाही ट्रिब्युनलपुढे मांडता येतो, त्यामुळे मधल्या काळात मिळालेले प्रमाणपत्र आणि श्रवणचाचणीचा अहवाल तेथे सादर करा. मात्र एक लक्षात ठेवा. २०१४ पासून कायद्यातच, राष्ट्रीयत्व, स्थलांतर आणि आश्रय यांविषयीच्या २००२ च्या ब्रिटिश अधिनियमाच्या ११७बी या कलमात, ब्रिटनमध्ये येणाऱ्याला इंग्रजी बोलता येणे सार्वजनिक हिताचे आहे असे लिहिलेले आहे आणि न्यायाधीशांना ते विचारात घ्यावेच लागते. प्रमाणपत्राविना अपील लढलात तर हे कलम पहिल्या मिनिटापासून तुमच्या विरोधात असेल. सुनावणीची तारीख लागायला बराच काळ जातो. प्रमाणपत्र लवकर मिळाले तर नवा अर्ज अधिक वेगाने मार्गी लागण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी अपील पुढे चालवावे की मागे घ्यावे हे वकिलांशी बोलून ठरवा. वकील म्हणजे ब्रिटनमधला सॉलिसिटर, बॅरिस्टर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेला सल्लागार. आपल्याकडचा कन्सल्टंट नव्हे.

सर्टिफिकेट ‘करून देणाऱ्या’ माणसाबद्दल मला कडक शब्दांत लिहिले पाहिजे. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमाने लंडनमधल्या परीक्षा केंद्रांत दुसऱ्याच माणसाला बसवून टोइक ही इंग्रजीची परीक्षा दिली जात असल्याचे दाखवले. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ब्रिटनमध्ये २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या ५८,४५८ परीक्षा तपासल्या आणि त्यांतल्या ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. त्या जाळ्यात गैरप्रकार करणारे सापडलेच, पण स्वतः परीक्षा दिल्याचे शपथेवर सांगणारे अनेक विद्यार्थीही, त्यांत कितीतरी भारतीय, भरडले गेले. देशात राहून अपील करण्याची सोय नसल्याने त्यांच्यातल्या अनेकांना ज्युडिशियल रिव्ह्यूचीच वाट धरावी लागली आणि बाहेरून केलेले अपील अशा प्रकरणांत पुरेसे नाही, हे अपील न्यायालयाकडून वदवून घेण्यात डिसेंबर २०१७ उजाडले. जेथे दुसरे दार नव्हते तेथे या उपायाचा खरा उपयोग झाला. आता सांगा, निरपराधांची ही गत झाली, तर विकत घेतलेला कागद सापडल्यावर तुमच्या यजमानांचे काय होईल? फसवणुकीचा शिक्का एकदा बसला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो आधी वाचला जातो. त्या माणसाचा नंबर फोनमधून काढून टाका.

पुढच्या परीक्षांची काळजी तुम्हाला आताच लागली असेल, तर तीही मोजून घ्या. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. मुदतवाढ मागताना ए२ ही वरची पातळी लागते, मात्र त्या अर्जाच्या दिवशी यजमानांनी ६५ पूर्ण केले असतील तर लागत नाही. ते येताना बासष्टीत असले तर हे थोडे इकडे-तिकडे होईल, म्हणून वाढीचा अर्ज कोणत्या महिन्यात पडतो हे आधीच पाहून ठेवा. पण व्हिसा संपल्यावर अर्ज करून वय गाठण्याचा विचार करू नका. पाच वर्षांनी कायम वास्तव्य मागताना बी१ पातळी आणि ‘लाइफ इन द यूके’ ही ब्रिटनमधल्या जीवनाविषयीची परीक्षा असते, आणि सध्याच्या नियमांनुसार पासष्टी ओलांडलेल्यांना त्या दोन्हींतून सूट आहे. तोपर्यंत ते सहासष्ट-सदुसष्टचे झालेले असतील. म्हणजे त्यांच्यापुढे खरी परीक्षा एकच, फार तर दोन.

नकारपत्रावरची तारीख आणि श्रवणचाचणीचा अहवाल मला कळवलात तर अपिलाविषयी अधिक नेमके लिहिता येईल. मुदत आठवड्याच्या आत संपत असेल तर माझ्या उत्तराची वाट न पाहता आजच नोंदणीकृत सल्लागाराला फोन करा.